टिकटिक नसलेलं यंत्र

३ फेब्रुवारी

भिंगरे,

आधी सगळ्यांची विचारपूस करतो, मग कामाचं बोलतो. तुझी पाठ कशी आहे? दिवसभर खुर्चीत बसून पडद्याकडे बघायचं तुझं काम, त्यात तू लहानपणापासून पोक काढून बसणारी. जावईबापूंचा खोकला गेला का? तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं असं तुझी वहिनी म्हणाली. आता जिना चढतात की अजून खालच्याच खोलीत मुक्काम? छोटीचे पुढचे दोन दात पडले म्हणे. वहिनीच्या फोनवर फोटो पाहिला. फाटक उघडं राहिलेल्या घरासारखी हसते. आणि तुमचं ते एका डोळ्याने अधू असलेलं मांजर, तेही ठीक ना?

इकडचं ऐक. दादाला अधूनमधून पित्त होतं, डोकं धरून बसतो, औषध मात्र घेत नाही. वहिनी धडधाकट आहे, घर तिच्याच जिवावर चाललंय. माझा उजवा डोळा अजून भिंग लावण्याजोगा आहे, डावा नुसता शोभेला. तुझ्या आईचं आहे तसंच. उजवा हात नाही, बोलणं नाही, पण ऐकणं शाबूत, समजणं शाबूत, आणि कुणाचं काय चुकलं हे बघणं आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त शाबूत.

आता कामाचं. आईला बोलायला शिकवायला ज्या बाई आठवड्यातून दोनदा येतात, त्यांचं म्हणणं पडलं की हिला सतत काहीतरी ओळखीचं ऐकवा, दाखवा. जुनी गाणी, जुने सिनेमे, घरातले फोटो. ओठ हलवावेसे वाटले पाहिजेत. इंटरनेट आमच्याकडे मर्जीने येतं नि मर्जीने जातं, आणि वहिनीचा फोन गळ्यापर्यंत भरलाय. म्हणून दादाने काढलं की घरात पुन्हा एक कॉम्प्युटर ठेवू, चोवीस तास चालू राहणारा. सगळं त्यात साठवायचं, आणि टीव्हीवर, आईच्या उशाजवळच्या छोट्या पडद्यावर, हवं तिथे तिथूनच लावायचं. मी ते पाण्याच्या टाकीसारखं समजून घेतलंय. टाकी एक, नळ खोलीखोलीत. चुकत असलो तर सुधार.

दादाला मोठंच हवंय, आधीच्यासारखं. गुडघ्याएवढं कपाट, आत तीन पंखे. मी म्हटलं, बाबा रे, ते आईच्या उशाशी ठेवायचंय, पिठाची गिरणी घालायची नाही. शिवाय वीज गेली की आपलं घर एका बॅटरीवर चालतं. दोन दिवे, एक पंखा आणि आईची ती हवा भरत राहणारी गादी. त्यावर असलं धूड लावलं तर अर्ध्या तासात सगळ्यांचाच अंधार. कमी वीज खाणारं, गार राहणारं, गप्प बसणारं लहानसं यंत्र हवं, यावर मी अडून बसलोय.

तशी तीन स्थळं सांगून आलीत. पहिलं म्हणजे तळहाताएवढी हिरवी पाटी, उघडीबोडकी, फोनच्या चार्जरवर चालणारी. दुसरं, कुठल्याशा ऑफिसातून निवृत्त झालेलं, जाड पुस्तकाएवढं, पोटात एक बारीक पंखा. तिसरं नवं आहे, बंद डबी, पंखाच नाही, अंगावर पन्हळी आहेत आणि त्यांच्यातूनच ते आपलं आपण गार होतं म्हणे. तू या विषयातली. कोणतं घ्यावं? आणि ज्यात काहीच फिरत नाही अशी डिस्क मिळते, ती टिकते का? दादा म्हणतो, फिरणाऱ्या डिस्कमध्ये जास्त मावतं. मी म्हटलं, कमी मावू दे. ज्यात टिकटिक नाही, ज्याचं झाकण काढून बघण्यासारखं आत काही नाही, असंच मला घरात हवंय. कारण विचारलं त्याने. मी सांगितलं, आवाज नको म्हणून.

आधीच्या यंत्राबरोबर आईचा आवाज गेला तो गेलाच. त्या वेळी

इथे दोन ओळी खोडल्यात. शाई सांडलेली नाही, खोडल्याच आहेत. उजेडाला धरून वाचत बसू नकोस.

फोनवर तू "हो" आणि "बरं" यापलीकडे जात नाहीस, म्हणून पत्र. कागदावर तरी दोन पानं बोलशील.

तुझे बाबा

२२ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं पत्र आलं. तीनदा वाचलं, पहिल्यांदा समजण्यासाठी, दुसऱ्यांदा अक्षरासाठी, तिसऱ्यांदा शेवटच्या ओळीसाठी. अक्षर अजून तसंच आहे, घाईत निघालेल्या माणसासारखं.

तुझं म्हणणं मी दादाला असं वाचून दाखवलं, जशी काही सरकारी नोटीसच. हिरवी पाटी गुणाची, पण वीज अचानक गेली तर तिचं मेमरी कार्ड नासतं आणि बाहेरून डिस्क टांगावी लागते. ऑफिसातलं निवृत्त यंत्र अंगापिंडाने मजबूत, एखादा सिनेमा पडद्याला चालेल अशा स्वरूपात बदलून द्यायचा तर धापा टाकत नाही, आणि रिकामं बसलेलं असताना जुन्या दिव्याहून कमी वीज खातं. बिनपंख्याची डबी आतून जवळपास तशीच, फक्त तिच्यावर कपडा झाकायचा नाही. डिस्क न फिरणारीच घ्यावी. आणि दोन प्रती ठेवाव्या, एक घरात आणि एक घराबाहेर. दादा मान हलवत होता. तुझं नाव न घेता म्हणाला, "बरोबर आहे तिचं." नऊ वर्षांत तुझ्याबद्दल त्याच्या तोंडून निघालेलं पहिलं बरं वाक्य, म्हणून मुद्दाम लिहितोय.

तुझी शेवटची ओळ मात्र मी त्याला वाचून दाखवली नाही. "मागच्या वेळी माझ्या निष्काळजीपणामुळे आईचा आवाज गेला, निदान या वेळी माझ्याकडून काहीतरी नीट होऊ दे." वहिनीने पत्र मागितलं तेव्हा ती ओळ मागे दुमडून दिलं. तिने घडी उलगडलीच असणार, ती काय सोडते.

दुकानात दादा आणि मी दोघं गेलो. कॉम्प्युटरवाला माणूस बोलका आहे. मी आपलं माझ्या पद्धतीने बघत होतो, लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक पंख्याच्या यंत्रावर टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडावर. घड्याळं दुरुस्त करताना त्यांच्या पोटातलं असंच ऐकायचो, कुणी शिकवलं नव्हतं, कानानेच शिकलो. तो म्हणाला, "आजोबा, पेशंटचं काय म्हणणं आहे?" मी म्हटलं, पंख्याचं बेअरिंग सुकलंय, सहा महिन्यांत कण्हायला लागेल. त्याने स्वतः कान लावला, मग आतून दुसरं आणून दिलं. दादाला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण बाहेर आल्यावर हसला.

चार दिवस वापरून बघा म्हणून त्याने दोन्ही दिलीत, पंख्याचं आणि बिनपंख्याचं. निवड तुझ्या आईने केली. आधी पंख्याचं तिच्या उशाशी लावलं. खरं तर त्याचा आवाज नसल्यातच जमा, पण तिने नाक मुरडलं. मग डबी लावली. ती बराच वेळ कान देऊन राहिली, मग यंत्र आहे कुठे म्हणून शोधायला लागली. वहिनीने दाखवल्यावर डावा हात त्यावर ठेवला, मुलाला ताप आहे का बघतात तसा. मग हात काढेचना. दादा म्हणाला, ठरलं.

त्या दुपारी मी भिंग लावून त्या डबीचे खालचे स्क्रू बघत होतो. नुसता बघत होतो, हातात काही नव्हतं. तुझ्या आईने ती माझ्या पुढ्यातून ओढली आणि कुशीत घेतली. दादा-वहिनी खूप हसले. वहिनी म्हणाली, "बघा बाबा, तुमच्यावर विश्वास नाही त्यांचा." मीही हसलो.

मला तुला काहीतरी लिहायचंय. आज नाही.

तुझे बाबा

६ मार्च

भिंगरे,

कॉम्प्युटरवाला यंत्र बसवायला घरी आला होता. तारा जोडता जोडता त्याने सहज विचारलं, आधीचं कशाने गेलं? दादाने मान वर न करता सांगितलं, "बहिणीने आपटलं."

तुझ्या आईच्या हातात चमचा होता. तिने तो पलंगाच्या कठड्यावर आपटायला सुरुवात केली, आणि थांबेना. मग चमचा टाकला आणि बोट दाखवलं. माझ्याकडे. दादाला वाटलं पाणी हवंय, कारण मी माठाजवळ उभा होतो. वहिनीने पाणी आणलं, तर हिने पेला उडवला. तो माणूस गोंधळून आपल्या तारांमध्येच बघत राहिला.

जमिनीवरचं पाणी मीच पुसलं. ती वरून बघत होती.

आज एवढंच.

९ मार्च

भिंगरे,

या पत्राबरोबर एक पुडकं आहे. आधी पत्र वाच, मग ते उघड.

ती डिस्क तुझ्यामुळे गेली नाही. माझ्यामुळे गेली.

नऊ वर्षं लिहिता येत नव्हतं ते लिहिल्यावर कागदावर केवढंसं दिसतंय. आता नीट सांगतो, कारण अर्धवट सांगितलं तर त्यातलं थोडं तू पुन्हा स्वतःकडे ठेवून घेशील. तुझा स्वभाव मला माहीत आहे.

आई तेवीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, आणि लोकांचे आवाज तिच्या गळ्यात येऊन राहायला असल्यासारखे होते. जेवणं झाली की तिने ते काढायचे. तो रागीट डॉक्टर, ती लग्न जमवणारी बाई, नंबर विसरून गाणं म्हणणारा म्हातारा. तू हसत हसत फोन तिच्या तोंडाशी धरायचीस आणि दादा ते सगळं फोनमधून काढून कॉम्प्युटरमध्ये ओळीने लावून ठेवायचा. बेचाळीस किस्से. मग एका सकाळी ती दात घासता घासता पडली, आणि त्यानंतर तिचा आवाज फक्त त्या कॉम्प्युटरच्या कपाटात होता. दुसरी प्रत काढायचं दादा रोज म्हणायचा. रोज उद्यावर जायचं.

तू कपाट हलवायच्या दोन दिवस आधीपासून ती डिस्क टिकटिक करत होती. हे कुणालाच माहीत नाही, कारण कुणाला ऐकूच येत नव्हतं. मला येत होतं. चाळीस वर्षं मी टिकटिकच ऐकली. मला वाटलं, कुठेतरी आस अडतोय, किंवा धूळ गेलीय. दादाला सांगावं असंही वाटलं. पण सांगितलं तर तो ती दुसऱ्या कुणाकडे नेणार. टिकटिकणारी वस्तू या घरातून दुसऱ्याकडे दुरुस्तीला जाणार, हे माझ्या पचनी पडेना. एवढीच गोष्ट आहे, भिंगरे. एवढ्याशा ताठ्याची.

त्या सकाळी आईचा पलंग पुढच्या खोलीत आणायचा म्हणून तू कपाट सरकवलंस आणि ते दाराच्या चौकटीला लागलं. लगेच चालू करून तू एक गाणं लावून बघितलंस. मी तिथेच होतो. गाणं नीट वाजलं. मग तू आईची औषधं आणायला गेलीस, दादा कामावर, वहिनी तेव्हा माहेरी होती. मी यंत्र बंद केलं, डिस्क काढली आणि माझ्या कामाच्या टेबलावर आणली. तिचे स्क्रू चांदणीसारखे असतात, माझा कुठलाच पेचकस बसेना, म्हणून एक घासून तसा केला. त्याला तासभर लागला. त्या तासात थांबता आलं असतं.

आत एक तबकडी होती, आरशासारखी. तिच्यात माझं तोंड दिसलं, भिंगासकट. मला ते इतकं देखणं वाटलं की मी आईला हाक मारून म्हटलं, बघ, तुझा आवाज कसा चकाकतोय. ती पलंगावरून बघत होती. मी फुंकणीने हवा मारली, मऊ कातड्याने तबकडी पुसली, आणि सुईच्या टोकावर घेऊन आसाला तेलाचा एक थेंब दिला. मनगटी घड्याळाचं तेल, माझ्याकडचं सगळ्यात चांगलं. झाकण लावलं, डिस्क परत कपाटात बसवली, बटण दाबलं. बशीवर सुरी ओढल्यासारखा आवाज आला. मग काहीच नाही.

संध्याकाळी दादा आला. मी तोंड उघडणार होतो. यावर विश्वास ठेव, न ठेव. पण तू आधी बोललीस, "दादा, सकाळी मी ते हलवलं, चौकटीला आपटलं." खोटं बोलणं कसं असतं ते तुला माहीतच नव्हतं. मी गप्प राहिलो. मग दादा ते बोलला. "आईचा आवाज एकदा आजाराने नेला, दुसऱ्यांदा तू नेलास." तू म्हणालीस की आपटल्यानंतरही गाणं वाजलं होतं, आणि तू माझ्याकडे बघितलंस, कारण मी तिथे होतो. तेव्हा मी काय बोललो ते तुला आठवत असेल. मी म्हटलं, घड्याळ पडलं तरी लगेच थांबत नाही, आतला आस वाकलेला असतो, दोन तासांनी थांबतं.

घरातला जाणता माणूस बोलला म्हटल्यावर विषय संपला. तुझी सुटण्याची एकच वाट होती, ती मी माझ्या विद्येने बुजवली. आणि वर तुझ्या डोक्यावर हात ठेवून म्हटलं, "जाऊ दे गं, मी तुला माफ केलं."

नंतर तू लिहिलंस की तिथे एक माणूस बंद पडलेल्या डिस्कमधलंही काही काढून देतो, ती पाठवा. मी कळवलं, भंगारात गेली. गेली नव्हती. झाकण उघडताच त्याला तेल दिसलं असतं, म्हणून पाठवली नाही. तुझ्या लग्नाला मी एकटाच आलो, तेव्हा तू माझ्या कानात म्हणालीस, "बाबा, तुम्ही एकटेच माझ्यावर रागावला नाहीत." तिथून येताना सगळ्या वाटभर मला भूक लागली नाही. हे सांगून कणव मागत नाही, आठवतं म्हणून लिहिलं.

आईने सगळं पाहिलं होतं. दादा तुला बोलला तेव्हाही ती तिथेच होती. ओरडत होती, पण तिचं ओरडणं आम्हाला रडण्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी तिच्याजवळ भिंग लावून बसलो की ती तोंड फिरवते. लोकांना वाटतं आजारामुळे.

पुडक्यात ती डिस्क आहे. त्या माणसाला दाखव. काही निघेल असं मला वाटत नाही, पण ते ठरवणारा मी नाही.

दादाला अजून सांगितलेलं नाही. आधी तुला कळायला हवं होतं.

बाबा

३० मार्च

भिंगरे,

तुझं काही आलं नाही. येईल अशी अपेक्षा धरायला मला तोंड नाही. तरी पोस्टमनची सायकल ओळखू यायला लागलीय.

दादाला सांगितलं. रविवारी सकाळी तो त्या डबीत फोटो भरत बसला होता, वहिनी भाजी निवडत होती. मी आईच्या पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभा राहिलो, म्हणजे तिला माझं तोंड दिसेल, आणि तुला लिहिलं तेच सगळं क्रमाने सांगितलं. मधे दोनदा थांबलो. आईने एकदाही नजर हलवली नाही, जशी काही हजेरी घेत होती.

दादा उठून बाहेर जिन्यावर जाऊन बसला. मला वाटलं येऊन ओरडेल, आणि खरं सांगतो, ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. अर्ध्या तासाने आला आणि म्हणाला, "बाबा, डिस्क तुम्ही उघडलीत. पण तिला जे बोललो ते मी बोललो. त्याला तेल तुम्ही नव्हतं घातलं."

मग वहिनी बोलली, आणि ती क्वचित बोलते म्हणून लागलं. म्हणाली, "नऊ वर्षं मी दोन्हीकडे फोन करतेय, तिकडून इकडची खुशाली विचारतात, इकडून तिकडची विचारत नाहीत. मला वाटायचं हे घर रागीट आहे. हे घर रागीट नाही, भित्रं आहे."

दादाने तुला त्याच दिवशी फोन केला. दुसऱ्या दिवशीही. तू उचलला नाहीस. तिसऱ्या दिवशी त्याने केला नाही, पण फोन हातात घेऊन बसला होता. मी त्याला म्हटलं, तिला वेळ दे. तो म्हणाला, "तुम्ही नका सांगू." बरोबर आहे त्याचं.

माझ्याशी आता कामापुरतं बोलतो. अंघोळीचं पाणी तापलंय, वर्तमानपत्र आलंय, इतकंच. मी कामाचं टेबल आवरलं. भिंग, पेचकस, तेलाच्या कुप्या एका पेटीत भरून माळ्यावर टाकल्या. वहिनीने विचारलं, कशाला? मी म्हटलं, डोळा थकला.

बाबा

२० एप्रिल

भिंगरे,

सासूबाई आता जिना चढायला लागल्या हे वहिनीकडून कळलं, बरं वाटलं. छोटीला नवा दात दिसायला लागला, तेही कळलं. तुझी पाठ कशी आहे हे मात्र तिने सांगितलं नाही, कदाचित तू तिलाही सांगितलं नसशील.

तू पाठवलेलं पोचलं. मला नाही, पोचलं ते मला कळलं एवढंच. वहिनीच्या फोनवर तुझ्या आवाजातली अकरा रेकॉर्डिंगं आली, आणि तुझा निरोप, की ही फक्त आईसाठी, तिच्या कानाला लावूनच ऐकवायची. शिवाय एक ओळ, की त्या माणसाने डिस्कचं झाकण उघडलं, बघितलं आणि तसंच परत लावून दिलं. ती ओळ वहिनीने मला वाचून दाखवली. मी म्हटलं, हो.

बारावं दादासाठी होतं, पाऊण मिनिटाचं. तो स्वयंपाकघरात गेला, दार ओढून घेतलं, आणि बाहेर आला तेव्हा तोंड धुतलेलं होतं. त्या संध्याकाळी तुमचं फोनवर बोलणं झालं. किती वेळ झालं ते मी मोजलं नाही. मधे एकदा तो हसल्याचा आवाज आला, आणि लगेच थांबला, जणू हसायची परवानगी घ्यायची राहिली होती. मग पुन्हा आला.

माझ्यासाठी काही नव्हतं. 

दादाने तुझी अकराही त्या डबीत घातली, आणि अशी सोय केली की ती फक्त आईच्या पडद्यावरच उघडतील. एक प्रत त्याने त्याच दिवशी दुसऱ्या डिस्कवर काढून ऑफिसात नेऊन ठेवली. उद्यावर टाकलं नाही. सगळ्या सिनेमा-गाण्यांच्या आधी त्या यंत्रात तू गेलीस.

आता मी पाहिलं ते सांगतो. चोरून नाही, दार उघडं होतं. वहिनीने आईच्या कानांना ते मऊ गादीचे हेडफोन लावले आणि आपल्या कामाला गेली. मी दारात होतो. खोली अगदी चूप. त्या डबीचा आवाज नाही, पंख्याचा नाही, घड्याळ तर मी कधीच काढून ठेवलंय. आई डोळे मिटून पडली होती. थोड्या वेळाने तिच्या भुवया वर गेल्या. मग मान तिरकी झाली, हनुवटी पुढे आली, आणि तिचे ओठ हलायला लागले. एकाच बाजूने हलत होते, आवाज नव्हता, पण ती नुसती ऐकत नव्हती. ती कुणाची तरी नक्कल करत होती. तिच्या किश्श्यांतलं तुला जेवढं पाठ आहे तेवढं तू तिला सांगत असशील, आणि ती तुझ्याबरोबर म्हणत होती. एकदा तिने डावा हात वर धरला, थांबा, अजून हसू नका, असा. पूर्वी मी तिचे ओठ बघून सांगायचो की आता डॉक्टर आलाय की ती लग्न जमवणारी बाई. काल मला एकही ओळखता आला नाही.

शेवटी तिने डोळे उघडले आणि मला पाहिलं. तोंड फिरवलं नाही. बोलावलंही नाही. मी तिथेच उभा राहिलो, आणि तिने डाव्या हाताने पडद्यावर बोट ठेवून पुढचं लावलं.

त्यात काय आहे ते मी कधी विचारणार नाही. त्या अकरांतलं एकही मला ऐकवलं नाहीस हे तू बरोबर केलंस, असं मला वाटतं, आणि वाटूनही दुखतं. त्या नऊ वर्षांत तुला किती वेळा चौकट आठवली असेल, किती वेळा कुणाची वस्तू हातात घ्यायचं तू टाळलं असशील, ते सगळं मला तुझ्याकडून ऐकायचं आहे. रागाचं असेल तर रागाचं लिही, मोठ्या अक्षरात लिही. एक ओळ लिहिलीस तरी मी ती पत्र समजेन. मी चौऱ्याहत्तरचा आहे, उजवा डोळा आहे तोवर वाचून होईल. लवकर लिही.

बाबा